मेनूत बसलेली बाई

बसा, चहा उकळतोय, तोवर तुम्हाला माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट सांगते. साधासुधा मूर्खपणा नाही हं. माझ्या या मूर्खपणाला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या मूर्खपणाला मिळालेत? नाही ना? मग ऐका.

मी डिझाइन शिकते. म्हणजे नेमकं काय शिकते, हे आमच्या नात्यात कोणालाच कळलेलं नाही. मावशीला वाटतं मी ड्रेस शिवते. काकांना वाटतं मी लग्नपत्रिका छापते, आणि त्यांनी एकदा तशी ऑर्डरसुद्धा आणली होती. तसं काही नाही. मोबाइलच्या नाहीतर टॅबच्या पडद्यावर कुठलं बटन कुठे असावं, केवढं असावं, माणसाला ते चटकन कसं सापडावं, हे मी शिकते. आता यात शिकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. माझे बाबाही तेच म्हणायचे.

बाबांना म्हणायचा अधिकार होता. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. अख्खी नोकरी बटनांसमोर बसून काढली. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही नागपुरात फ्लॅटमध्ये आलो, आणि सामान नीट लागायच्या आत आईच्या किडनीनं दगा दिला. मग धंतोलीतलं हॉस्पिटल, डायलिसिस, घर, पुन्हा हॉस्पिटल. घरातली भांडी खोक्यातच राहिली.

डायलिसिसला तासन्‌तास पडून राहावं लागतं. आईचा वेळ जावा म्हणून मी तिला माझा जुना टॅब दिला आणि त्यात एक गेम टाकून दिला. नदीकाठच्या एका गावाचा गेम. त्यात आपण आधी एक माणूस घडवायचा, त्याला कपडे घालायचे, नाव द्यायचं. मग त्यानं भाजी लावायची, मासे धरायचे, गावात हिंडायचं. मारामारी नाही, पळापळी नाही. आईनं एक बाई घडवली. अंबाडा, त्यात पिवळं फूल, नाकावर हा एवढा मोठा चष्मा. गेममध्ये साडी नव्हती, म्हणून पायघोळ हिरवा झगा. नाव ठेवलं शीला. स्वतःचंच.

"आई, दुसरं काहीतरी ठेव ना," मी म्हटलं होतं.

"काहून? माझ्या नावात काय खराबी आहे? तिले भेंडी तोडाची आहे, सिनेमात नाही जाचं."

आता गेम म्हटला की आधी मेनू येतो. मेनू म्हणजे गेमचं दारच समजा. त्यावर बटनं असतात, स्टार्ट, सेटिंग, एक्झिट वगैरे, आणि त्यातलं स्टार्ट दाबलं की आपण आत जातो. या गेमच्या मेनूत बटनांच्या मागे नदी दिसायची, आणि नदीकाठी एका दगडावर आपण घडवलेलं माणूस बसलेलं दिसायचं. आईची शीला तिथे बसायची. झाड हलायचं. शीला डोळ्यांची उघडझाप करायची, चष्मा वर सरकवायची, आणि बऱ्याच वेळानं एकदा आपल्याकडे पाहून हात हलवायची. बस, एवढंच.

सुईचा हात दुखायला लागला की आई खेळ सोडून या मेनूवर यायची आणि टॅब पोटावर ठेवून पडून राहायची.

"काय झालं, थकली काय वं?" बाबा शेजारच्या स्टुलावरून विचारायचे.

"मी नाही, ही थकली. पाहा ना, दिवसभर भेंडी तोडली तिनं. बसू द्या थोडं."

मग दोघं मिळून त्या बसलेल्या बाईकडे पाहत राहायचे. तिनं हात हलवला की बाबाही हळूच हात हलवायचे, नर्स पाहत नाही ना याची खात्री करून. हे सगळं मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे मला नावं ठेवताना कामी येईल.

थंडीत आई गेली.

बाबा रडले नाहीत, चिडले नाहीत. बोलणं तेवढं संपलं. 'हाव', 'नाही', 'ठीक आहे' एवढ्यावर दिवस निघायचा. जेवायला बोलावलं की यायचे, ताटात वाढलं तेवढं खायचे, ताट धुऊन ठेवायचे. आईचा फोटो आम्ही भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला होता. पण बाबा त्या फोटोकडे पाहायचे नाहीत. संध्याकाळी चहा झाला की ते टॅब घ्यायचे, चष्मा लावायचे, तो गेम उघडायचे आणि मेनूवर बसून राहायचे. स्टार्ट दाबायचे नाहीत. पडदा मंद व्हायला लागला की एका कोपऱ्यात, जिथे काहीच नाही, तिथे बोट टेकवायचे. पडदा उजळला की पुन्हा हात मांडीवर.

मी स्वयंपाकघरातून रोज पाहत होते. काय चाललं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. शेंबड्या पोराच्याही आलं असतं. माझ्या नाही आलं. मी डिझाइन शिकत होते ना. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला की बाबांना स्टार्टचं बटन सापडत नाहीये.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आई आजारी पडल्यापासून आमच्या घरात जे जे बिघडत गेलं त्यातलं काहीच मला दुरुस्त करता आलं नव्हतं. ना किडनी, ना बाबांचं बोलणं. आणि आता बाबा एका दाराबाहेर अडकले होते, आणि दार कसं करायचं हे तर मला येत होतं. ते एकदा आत गेले, दोन भेंड्या लावल्या, एखादा मासा धरला, की माणसात येतील. मला माझे बाबा परत हवे होते, दुसरं काही नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट द्यायचाच होता. मी मॅडमना जाऊन सांगितलं, एका गेमचा मेनू नव्यानं करते.

"वापरणारा माणूस कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझे बाबा."

"अडचण काय त्यांची?"

"त्यांना आत जायचंय, पण दार सापडत नाही."

मॅडम खूश झाल्या. असं वाक्य त्यांना विद्यार्थ्यांकडून सहसा मिळत नाही. फक्त जाता जाता म्हणाल्या, "त्यांना विचारलंस ना, की काय अडतंय?"

"मॅडम, ज्याला बटनच दिसत नाही त्याला काय विचारायचं?"

बघा, किती हुशार मुलगी.

आधी मला डोळ्यांची शंका आली. बाबांना स्कूटीवर बसवलं आणि धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. धंतोलीत दवाखाने एकमेकांना इतके खेटून की डोळेवाल्याचा दवाखाना नेमका आईच्या हॉस्पिटलसमोर निघाला. गाडी लावतोय तोच हॉस्पिटलजवळच्या टपरीवरच्या चहावाल्यानं बाबांना ओळखलं.

"अरे काकाजी, बहोत दिन बाद. काकीजी कैसी हैं?"

"अब आराम है," बाबा म्हणाले.

"चलो, अच्छा हुआ," असं म्हणून त्यानं चहा पुढे केला. आम्ही उभ्या उभ्या प्यायलो. मी बाबांकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे रडके डोळे घेऊन जायचं नव्हतं.

डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. बाबांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. मग तिच्याही खाली तक्ता छापणाऱ्या प्रेसचं बारीक नाव होतं, तेही वाचलं.

"नजर तर छान आहे," डॉक्टर म्हणाले. "तक्रार काय आहे तुमची?"

"मले काही तक्रार नाही," बाबा म्हणाले. "हिले आहे."

बाहेर पडताना बाबा रस्त्यात थांबले. मान वर करून समोरच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे पाहू लागले. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांनी आत्ताच डोळ्यात औषध टाकलंय, उजेडाकडे नका पाहू." ते लगेच खाली पाहू लागले. माझं ऐकायची त्यांना फार सवय.

डोळे बरोबर, मग भाषेचं असेल. बटनं इंग्रजीत होती. मी विचारलं, "बाबा, हे स्टार्ट लिहिलेलं तुम्हाले समजून राहिलं ना?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. "मयू, जिंदगीभर स्टार्ट आन स्टॉपच वाचलं मी."

"मग दाबत काहून नाही?"

"कायले दाबाचं?" बाबा म्हणाले. "सगळं बराबर चालू असलं का हात लावाचा नाही. आमच्याकडं नवीन पोट्टे येत, त्यांचे हात शिवशिवत. मी म्हणत जाओ, बापा, हात मांडीवर ठेव आन समोर पाह्य. ज्या ड्युटीत काही दाबाच नाही लागलं, ती ड्युटी चांगली."

आई गेल्यापासून बाबा इतकं लांब बोलले नव्हते. अशा वेळी माणसानं काय करावं? शेजारी बसावं, म्हणावं, बाबा, मग समोर काय पाहता तुम्ही? मी काय केलं, तर धावत जाऊन लॅपटॉपमध्ये टिपून ठेवलं. वापरणाऱ्याला जुन्या नोकरीमुळे बटनांची भीती आहे. आणि भीतीवर उपाय माझ्याकडे तयार होता. बटन इतकं मोठं, इतकं प्रेमळ, इतकं गोड करायचं की कंट्रोल रूमवाल्याचाही हात सुटला पाहिजे.

मग भर उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून मी मेनू करायला घेतला. बटनं मराठीत आणली. 'सुरू करा' हे तर भाकरीएवढं, नारिंगी, आणि ते श्वास घेतल्यासारखं लहानमोठं व्हायचं. मग पाहिलं तर जागा पुरेना. का पुरेना? कारण पडद्याच्या मधोमध एक बाई बसलेली. अर्धा पडदा अडवलेला. काम ना धाम, नुसती बसलीय, मधूनच हात हलवतेय आणि बटनावरून लक्ष उडवतेय. मी तिला काढली.

हो, काढली. प्रोजेक्टच्या अहवालात मी ठळक अक्षरांत लिहिलंय, 'अनावश्यक आकृती काढल्यामुळे पडदा मोकळा झाला.' तो अहवाल अजून कॉलेजच्या कपाटात आहे. कधी चोरी करायची वेळ आलीच, तर मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

आता माझा नवा मेनू टॅबवर चढवून बाबांना वापरायला द्यायचा होता. खरा गेम नव्हे, नुसता मेनू, आणि बटन दाबलं की मागे एखादं साधं चित्र. पण टॅब म्हातारा, त्याचं पोट भरलेलं. जागा नाही म्हणाला. म्हणून मी जुना गेम काढून टाकायला गेले. परत टाकता येतोच की, फुकटचा तर आहे. काढताना टॅबनं एक चौकट दाखवली, यात साठवलेलं सगळं जाईल, नक्की काढू का?

तेव्हा मी काय केलं असेल? मी त्या चौकटीच्या चुका काढल्या. 'हो' आणि 'नाही' एकमेकांना चिकटलेले, दोन्ही एकाच रंगाचे. घाईत माणसानं भलतंच दाबलं तर? किती बेजबाबदार काम करतात लोक, असं स्वतःशी पुटपुटत मी 'हो' दाबलं.

संध्याकाळी बाबांनी चहा घेतला, टॅब घेतला, चष्मा लावला. मी दाराच्या पडद्याआड फोनचा कॅमेरा लावून उभी. बाबांनी मेनू उघडला आणि थबकले. मग त्यांनी 'सुरू करा' दाबलं. ताबडतोब! माझ्या तोंडून आरोळी निघता निघता राहिली. आत एक रिकामं शेत होतं. ते त्यांनी नीट पाहिलं, मागे आले. मग पुढचं बटन दाबलं. मग त्याच्या खालचं. सेटिंग, आवाज, भाषा, सगळं. ज्या माणसानं इतके महिने एक बटन दाबलं नव्हतं तो एकही सोडेना. मग त्यांनी पडदा शर्टाच्या टोकानं पुसला, आणि टॅब उलटा करून मागच्या बाजूनंही पाहिलं.

"कसं वाटून राहिलं बाबा?" मी बाहेर येऊन विचारलं.

"चांगलं आहे."

"सापडलं ना सगळं?"

"पाहून राहिलो अजून," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच टॅब घेऊन बसले. दुपारीही. जेवायला बोलावलं तर म्हणाले, थांब जराशी. गेमपायी लोकांची पोरं जेवत नाहीत, आमच्या घरात बाप जेवेना. मी मॅडमना फोन करून हे कौतुकानं सांगितलं. मधे एकदा बाबांनी विचारलं, "मयू, ते जुनं वालं याच्यात कुठून उघडते?"

"जुनं गेलं बाबा. आता हे नवीन."

"अच्छा," म्हणाले, आणि पुन्हा दाबायला लागले.

सादरीकरणाचा दिवस आला. सदर भागातला आमच्या कॉलेजचा हॉल, पुण्याहून आलेले पाहुणे परीक्षक, सगळा वर्ग. मॅडम म्हणाल्या, बाबांनाही आण, वापरणारा माणूस समोर असला की वजन पडतं. धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर जाताना घालतात तो पांढरा शर्ट बाबांनी स्वतः इस्त्री केला. पहिल्या रांगेत बसले, हात मांडीवर.

मी आधी जुन्या मेनूचा, गेम काढण्याआधी स्वयंपाकघरातून गुपचूप काढून ठेवलेला व्हिडिओ दाखवला. बाबा टॅबसमोर पुतळ्यासारखे बसलेत. मग रिकाम्या कोपऱ्यात बोट टेकवताहेत. "पाहा," मी म्हटलं, "वापरणारा इतका गोंधळलाय की जिथे काहीच नाही तिथे दाबतोय." हॉलमध्ये हसू पसरलं. सगळे हसताहेत म्हणून बाबाही थोडे हसले. मग मी नव्या मेनूचा व्हिडिओ लावला. बाबा दाबताहेत, पुन्हा दाबताहेत, टॅब उलटा करून पाहताहेत. टाळ्या पडल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

परीक्षक बाबांकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. नवीन कसं वाटलं?"

बाबा उठून उभे राहिले. साहेब बोलला की उभं राहायचं, ही त्यांची सवय.

"चांगलं आहे साहेब. पोरीनं बम मेहनत केली. बटनं मोठे आहे, साफ दिसते." त्यांनी मोठ्या पडद्याकडे पाहिलं. "फक्त हिची आई नाही सापडून राहिली."

"आई?"

"हाव. अगोदर उघडलं का इथंच दिसे. दगडावर बसून राहे. आता आतमध्ये कुठं गेली, समजून नाही राहिलं. सगळे बटनं दाबून पाहिले मी." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घाईनं परीक्षकांना म्हणाले, "असन इथंच कुठं तरी. मलेच नाही जमत. तुम्ही हिचे मार्क नका कापू."

माझ्या मागे मोठ्या पडद्यावर ते नारिंगी बटन श्वास घेत होतं. सुरू करा, सुरू करा. मला ते बंद करता येईना, कारण मला काही दिसतच नव्हतं. मी रडत होते, नाक वाहेपर्यंत, पुण्याच्या पाहुण्यांसमोर. बाबा तिथेच उभे, आपण काय चुकीचं बोललो याचा विचार करत.

आता मार्कांचं ऐका. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला, 'सुधारणेच्या नावाखाली काय हरवतं, हे वापरणाऱ्याच्याच तोंडून ऐकवण्याची कल्पना धाडसी.' कल्पना! त्यांना वाटलं मी हे सगळं ठरवून केलं. मॅडमही बाहेर आल्यावर माझा दंड दाबून म्हणाल्या, "मयुरी, शेवट मला आधी सांगितला नाहीस." मी काय सांगणार होते? शेवट मलाच माहीत नव्हता.

स्कूटीवर मागून बाबा म्हणाले, "काहून रडली वं? साहेब तर खूश होते."

मी गाडी बाजूला घेतली. "बाबा, आई नाही त्याच्यात. मी काढून टाकली. मले समजलंच नाही."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग अगोदर सांगाचं ना," ते म्हणाले. "मी उगाच शोधत बसलो."

घरी येऊन मी तो गेम पुन्हा टाकला. नदी होती, झाड होतं, दगड होता. दगडावर एक करडा, बिनचेहऱ्याचा माणूस होता, आणि त्याच्या डोक्यावर 'नाव टाका' असं इंग्रजीत लिहिलेलं. आईचा खेळ कुठेही राखून ठेवलेला नव्हता, कारण सुरुवातीला गेमनं ईमेल मागितला तेव्हा ती म्हणाली होती, "माझा ईमेल कायले पाहिजे त्यांले? भेंडी घरी पाठवते काय?" आणि तेव्हा मीच हसत हसत 'नको' दाबून दिलं होतं. त्या टॅबवर जे जे चुकीचं दाबलं गेलं ते सगळं मी दाबलंय. बाबांनी नाही.

मी पुन्हा शीला घडवली. अंबाडा, पिवळं फूल, मोठा चष्मा, हिरवा झगा. नाव टाकलं. टॅब बाबांसमोर धरला. शीलानं डोळ्यांची उघडझाप केली, चष्मा सरकवला.

बाबांनी पुष्कळ वेळ पाहिलं. "ही ती नोहे."

"सगळं तसंच आहे बाबा. फूलसुद्धा."

"दिसाले तशीच आहे. पण हिनं तर अजून काहीच नाही केलं. भेंडी नाही तोडली, पाणी नाही आणलं. मग ही कशानं थकली? बसून काहून राहिली?"

कॉलेजात हे शिकवत नाहीत. मी टॅब घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी तो दिला नाही. चष्मा नीट केला, आणि शीलाच्या पायाशी असलेलं स्टार्टचं बटन दाबलं. तेच जुनं, इंग्रजी, बारीक, ज्याच्यावर मी प्रोजेक्टची पानंच्या पानं खर्ची घातली होती. न शोधता, एका बोटानं.

आता रोज संध्याकाळी बाबा आत जातात. खेळ त्यांना धड येत नाही. शीला नदीत पडते, बकऱ्या भेंडी खाऊन जातात, मासा म्हणून जोडा हाती लागतो. बाबा तिला बोलतात, "अवं, तिकडं नको जाऊ," असं. काही दिवसांनी वाडगाभर भेंडी निघाली, तेव्हा मला हाक मारून दाखवली. आणि सगळं आटोपलं की ते मेनूवर येतात, टॅब पोटावर ठेवतात आणि म्हणतात, "बस आता. थकली." मग हात मांडीवर.

परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते असेच बसले होते. शीलानं हात हलवला. बाबांनी हलवला. इथे हॉस्पिटल नव्हतं, नर्स नव्हती, तरी त्यांनी आधी माझ्याकडे पाहून घेतलं. मीही हलवला. आणि अशा वेळी मला काहीतरी उपयोगाचं बोलायची खोड आहे. मी म्हटलं, "बाबा, ते स्टार्टचं बटन तिच्या पायावर येऊन राहिलं. मी जरासं बाजूले..."

बाबांनी टॅब उचलला आणि माझा हात पोचणार नाही अशा बाजूला ठेवला.

"मयू," ते म्हणाले, "तू चहा चांगला करते. याच्यात काही चांगलं नको करू."